कुत्र्याला कच्चे मांस द्यावे का?



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता कुत्रा असतो. मुलगी-जावई कामावर जातात, नातवंडे सैन्यात जातात आणि कुत्रा आजी-आजोबांकडे राहायला येतो. आमच्याकडेही आला. त्याच्याबरोबर नातवाने माझ्या फ्रीजरमध्ये कोंबडीच्या कच्च्या माना, पंख आणि हाडांच्या पिशव्या भरून ठेवल्या. "आजी, याला शिजवलेले काही द्यायचे नाही. लांडगा कुठे शिजवून खातो?" असे मला सांगण्यात आले.

मी तीस वर्षे नर्सचे काम केले आहे. आमचे हे संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतात आणि त्या औषधाने शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. त्यामुळे आमच्या घरी हा नुसता वादाचा विषय नव्हता.

कच्च्या मांसाची आवड पसरली ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ सालच्या पुस्तकापासून. त्यांचे म्हणणे असे की कुत्र्याचे पोट कच्चे मांस, हाडे आणि थोडा भाजीपाला यांसाठीच बनले आहे. असे खाणाऱ्या कुत्र्याचे केस चकचकीत होतात आणि शी कमी होते, हे खरे आहे. पण कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगून तो भात-भाकरी पचवायला शिकला. २०१३ साली शास्त्रज्ञांना त्याच्या रक्तवंशातही हा फरक सापडला.

आता मुख्य गोष्ट. कच्च्या कोंबडीवर सॅल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू पुष्कळदा असतात. कुत्रा ते खाऊन ठणठणीत राहू शकतो, पण त्याच्या लाळेतून आणि शीतून जंतू बाहेर पडत राहतात. तो आपला हात चाटतो, सोफ्यावर बसतो. तरुण माणसाला बहुधा काही दिवस जुलाब होऊन भागते. सत्तरी ओलांडलेल्याला, मधुमेह्याला, केमोथेरपी घेणाऱ्याला मात्र त्याच जंतूने अंगातले पाणी आटून इस्पितळात जावे लागते. कधी जंतू रक्तातही शिरतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ सालीच कच्चे मांस देऊ नका असा सल्ला दिला, तो प्राण्यांइतकाच माणसांसाठीही होता.

"मांस कोशेर आहे, मीठ लावून धुतलेले आहे, मग भीती कसली?" असे एका बाईंनी मला विचारले. मीठ रक्त काढण्यासाठी लावतात, त्याने हे जंतू मरत नाहीत. फ्रीजरमध्येही मरत नाहीत, नुसते झोपतात. मारतो तो विस्तव.

मेंढीचे कच्चे काळीज किंवा फुप्फुस तर कुत्र्याला कधीच घालू नका, विशेषतः तपासणीशिवाय कापलेल्या जनावराचे. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की काळजात पाण्याच्या गाठी होतात आणि त्या कळून यायला वर्षे लागतात.

हाडांचे म्हणाल तर शिजवलेले हाड सर्वांत वाईट. ते ठिसूळ होऊन त्याच्या सुया होतात. कच्चे हाड त्यापेक्षा बरे, पण त्यानेही दाढ फुटते, आतडे तुंबते. आणि नुसते मांस दिले तर कॅल्शियम कमी पडते. वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात.

मग आपला रस्सा-भात द्यावा का? नाही हो. त्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. तयार सुके खाणे सर्वांत सोयीचे. घरचे द्यायचेच तर बिनहाडाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी आणि भात. पण रोज तेच द्यायचे असेल तर त्यात आणखी काय घालावे हे पशुवैद्यांना विचारून घ्यावे.

आमच्या नातवाशी दोन शब्बाथ वाद झाला. शेवटी कुत्रा आमच्याकडे असेल तितके दिवस सुके खाणे, असे ठरले. तुमच्याकडे मुले ऐकत नसतील तर निदान मांस बंद डब्यात फ्रीजच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवायला लावा. ते ओट्यावर वितळवू नका, फ्रीजमध्येच वितळू द्या. नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सॅलडवर उडतात. कुत्र्याचे भांडे वेगळे ठेवा आणि खाणे घालण्याचे काम तरुणांनीच करावे. आपल्या इथल्या उन्हाळ्यात उरलेले मांस लगेच टाकून द्यावे. कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका. हात साबणाने वीस सेकंद धुवा.

ताप, पोटात कळ, शीतून रक्त, असे काही झाले तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नका. कुपत खोलीमच्या डॉक्टरांकडे जा आणि घरातला कुत्रा कच्चे मांस खातो हे त्यांना सांगा. ते आपणहून विचारतीलच असे नाही.