आपत्तीचे खाते आणि मर्जीतले अंमलदार

न्यू ऑर्लिन्स, ३ सप्टेंबर २०२५

शुक्रवारी, २९ ऑगस्ट २०२५ रोजी, कॅटरिना चक्रीवादळाला वीस वर्षे पूर्ण झाली, आणि लोअर नाइन्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय श्रमिकांच्या वस्तीत, जेथे औद्योगिक कालव्याची भिंत कोसळून पाण्याचा लोंढा झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसांच्या घरांवर आला होता, तेथे मृतांच्या स्मरणासाठी नगरवासी मोठ्या संख्येने जमले. मृतांचा आकडा त्या काळी १,८३३ असा सांगितला गेला; पुढे राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने फेरतपासणी करून तो १,३९२ ठरविला. आकडा कोणताही धरला, तरी येथल्या माणसाच्या मनातला प्रश्न वीस वर्षांत बदललेला नाही. ज्या राष्ट्राच्या विमानवाहू नौकेने वादळाच्याच वर्षी, जानेवारी २००५ मध्ये, सुमात्राच्या किनाऱ्यावरील सुनामीग्रस्तांना अन्नपाणी पोहोचविले, त्या राष्ट्राला आपल्याच एका जुन्या आणि विख्यात बंदरातील संमेलनगृहात अडकलेल्या हजारो माणसांपर्यंत शुक्रवार उजाडेपर्यंत पाण्याचा थेंबही का नेता आला नाही?

याची कारणे अनेक आहेत. शहराचा ऐंशी टक्के भाग जलमय झाला तो केवळ वादळाने नव्हे, तर लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेल्या पूरभिंतींच्या सदोष रचनेमुळे. शहर सोडण्याचा सक्तीचा हुकूम महापौरांनी वादळाच्या आदल्या दिवशी काढला, आणि ज्यांच्याजवळ मोटार नव्हती त्यांनी जावे कसे याची तजवीज कोणी केली नव्हती. राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांच्यात अधिकाराची ओढाताण चालू राहिली. परंतु या पत्रात मी एकाच कारणाविषयी लिहिणार आहे, कारण ते या देशाच्या राज्यव्यवस्थेच्या स्वभावातून निघालेले आहे, आपल्याकडील वाचकांस ते सहजी ध्यानात येणारे नाही, आणि त्याची पुनरावृत्ती २०२५ मध्येही झाली.

आपल्याकडे मंत्रिमंडळ गडगडले, तरी सचिव, जिल्हाधिकारी आणि तहसीलदार ही माणसे परीक्षा देऊन सेवेत आलेलीच असतात. त्यांच्या मनमानी बदल्या होतात आणि तो आपल्या कारभाराला लागलेला मोठा रोग आहे, पण कॅटरिनाच्या अवघा एक महिना आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईत जे अधिकारी कमी पडले ते कोणाच्या निवडणूक-प्रचाराचे सूत्रधार म्हणून त्या खुर्चीवर आलेले नव्हते. अमेरिकेत अध्यक्ष बदलला की सुमारे चार हजार पदांवरील माणसे बदलू शकतात, आणि त्यांपैकी बाराशेहून अधिक पदांनाच सिनेटची संमती लागते. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८२९ पासून या प्रथेला उघड तात्त्विक अधिष्ठान दिले. सरकारी काम साधे असते आणि कोणताही समंजस नागरिक ते करू शकतो, अशी त्यांची धारणा होती. पद न मिळाल्याने बिथरलेल्या एका उमेदवाराने १८८१ मध्ये अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा कोठे १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने गुणवत्तेवर आधारलेल्या नोकरशाहीचा पाया घातला गेला. तरीही वरचा थर राजकीय नेमणुकांसाठी मोकळाच राहिला, आणि अशा पदांची यादी अध्यक्षीय निवडणुकीनंतर सरकारच प्रसिद्ध करीत आले आहे.

लोकांनी निवडून दिलेल्या अध्यक्षाला आपल्या धोरणाशी एकनिष्ठ माणसे हाताशी लागतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यातूनच एक प्रवृत्ती वाढीस लागली. कोषागारात किंवा परराष्ट्र खात्यात अजाण माणूस बसविला, तर त्याचे अज्ञान पहिल्या पंधरवड्यातच उघडे पडते; आपत्तिनिवारणाचे खाते मात्र वर्षानुवर्षे शांत असते, त्याचा प्रमुख काही जाणतो की नाही हे तपासण्याचा प्रसंगच येत नाही, आणि म्हणून ज्याला उपकाराची परतफेड करायची आहे पण ज्याच्या हाती मोठा कारभार सोपवायचा नाही, अशा माणसासाठी ते सोयीचे ठरते. त्याची परीक्षा ज्या दिवशी होते, त्या दिवशी परीक्षेचे मोल दुसरेच कोणी चुकवीत असते.

संघीय आपत्कालीन व्यवस्थापन संस्था, जिला येथे सर्वजण फीमा म्हणतात, ती अध्यक्ष कार्टर यांनी १ एप्रिल १९७९ रोजी विखुरलेली अनेक कार्यालये एकत्र करून स्थापन केली. पहिल्या दशकात तिचे लक्ष अणुयुद्धानंतर शासन कसे टिकवावे याकडेच अधिक होते, आणि राजकीय नेमणुकांची खोगीरभरती तेथे सुखेनैव चालू होती. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातील होमस्टेड हे गाव जवळजवळ पुसून टाकले, तेव्हा डेड परगण्याच्या आपत्तिप्रमुख केट हेल यांनी, मदतीची फौज कोठे अडली आहे, असा संतप्त प्रश्न वार्ताहरांसमोर केला, आणि तो देशभर ऐकू गेला. निवडणुकीच्या वर्षात हे घडल्याने संस्थेची पुरती नाचक्की झाली आणि ती मोडीतच काढावी, असेही बोलले जाऊ लागले.

पुढच्या वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी जेम्स ली विट यांना आणले. हे गृहस्थ अध्यक्षांच्याच आर्कान्सा राज्यातले, त्यांच्याच ओळखीचे. म्हणजे नेमणूक याही खेपेस राजकीयच होती. परंतु त्यांनी एका ग्रामीण परगण्याचा कारभार हाकला होता, राज्याचे आपत्कालीन कार्यालय सांभाळले होते, आणि पूर ओसरल्यानंतर चिखलात उभ्या राहिलेल्या कुटुंबाला पहिल्या दिवशी काय लागते व तिसाव्या दिवशी काय लागते, हे त्यांना ठाऊक होते. आपत्तीचे काम पूर्वी केलेला असा प्रमुख फीमाला प्रथमच लाभला. १९९३ मध्ये मिसिसिपी आणि मिझुरी या नद्यांना महापूर आला, तेव्हा पूररेषेतील हजारो घरे विकत घेऊन तेथे पुन्हा वस्ती होऊ न देण्याचे धोरण त्यांनी जोमाने राबविले. पुढे १९९७ मध्ये संकटापूर्वीच गावोगावी घरे, शाळा व पूल बळकट करण्याची एक योजना सुरू केली.

ही योजना २००१ मध्ये नव्या प्रशासनाने अंदाजपत्रकातून वगळण्याचे ठरविले. ज्या दिवशी ते अंदाजपत्रक बाहेर आले, त्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, सिअ‍ॅटल परिसराला ६.८ प्रतीचा भूकंप झाला, आणि त्या योजनेत सामील झालेल्या पहिल्या काही शहरांत सिअ‍ॅटलचा समावेश होता. या वेळी संस्थेचे प्रमुख होते जो ऑलबॉ, अध्यक्ष बुश यांच्या २००० सालच्या प्रचारमोहिमेचे व्यवस्थापक. त्यांनी आपले जुने मित्र मायकेल ब्राउन यांना प्रथम विधि-सल्लागार म्हणून आणले. ते उपप्रमुख झाले, आणि २००३ मध्ये ऑलबॉ निघून गेल्यावर प्रमुख झाले. ब्राउन हे व्यवसायाने वकील. फीमात येण्यापूर्वी बरीच वर्षे ते अरबी घोड्यांच्या एका संघटनेत प्रदर्शनांतील पंचांवर देखरेख करीत होते. कॅटरिनाच्या वेळी संस्थेच्या आठ सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी पाचांना आपत्ती हाताळण्याचा जवळजवळ काहीच अनुभव नव्हता, असे वॉशिंग्टन पोस्टने उघडकीस आणले. यांपैकी काहींची पूर्वपीठिका प्रचारमोहिमेतील सभांची आखणी आणि प्रसिद्धी ही होती. त्याच काळात फीमा हे स्वतंत्र खाते न राहता, दहशतवादाच्या धास्तीने उभारलेल्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या पोटात गेले, आणि अनेक जुने जाणते अधिकारी नोकरी सोडून गेले.

मग ते वादळ आले. ते अनपेक्षित होते, असे कोणालाही म्हणता येणार नाही. जुलै २००४ मध्ये फीमाच्याच पैशाने बॅटन रूज येथे ‘पॅम’ नावाच्या एका कल्पित चक्रीवादळाचा सराव झाला होता. त्यात न्यू ऑर्लिन्स बुडते, साठ हजार माणसे मरू शकतात, असे चित्र मांडले गेले होते, आणि त्यानंतरच्या बैठका पैशाअभावी थांबल्या होत्या. ब्राउन यांच्याविषयी न्यायाने बोलावयाचे, तर २८ ऑगस्टच्या दूरदृश्य-बैठकीत हे वादळ फार मोठे ठरेल अशी चिंता त्यांनी व्यक्त केली होती, आणि आश्रयासाठी खुल्या केलेल्या सुपरडोम या क्रीडागृहाचे छप्पर टिकेल की नाही हेही विचारले होते. धोका त्यांना दिसला होता, पण दिसलेल्या धोक्याचे हुकमात रूपांतर कसे करावयाचे, हे त्यांना येत नव्हते. वादळ जमिनीवर आदळल्यानंतर सुमारे पाच तासांनी त्यांनी अंतर्गत सुरक्षा मंत्र्यांना खलिता धाडला, त्यात एक हजार कर्मचारी मागितले, आणि त्यांना हजर होण्यासाठी दोन दिवसांची मुदत दिली.

त्या वेळी न्यू ऑर्लिन्समध्ये फीमाचा जवळजवळ एकटाच असलेला अधिकारी म्हणजे मार्टी बाहामोंडे. त्यांनी २९ तारखेच्या संध्याकाळी तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून शहर पाहिले, सतराव्या रस्त्यावरील कालव्याची फुटलेली भिंत पाहिली, आणि त्याच संध्याकाळी दूरध्वनीवरून ब्राउन यांना सांगितले. तरीही राजधानीतले मोठे अधिकारी दुसऱ्या दिवशी शहर बचावले असेच समजत होते. ३१ तारखेला बाहामोंडे यांनी सुपरडोममधून, माणसे मरणपंथाला लागली आहेत, असे कळविले. त्याच दिवशी ब्राउन यांच्या प्रसिद्धी-सचिवांची पत्रे मात्र त्यांना उपाहारगृहात रात्रीच्या भोजनाला पुरेसा वेळ मिळावा या विवंचनेत लिहिलेली होती. ही सर्व पत्रे पुढे सिनेटच्या चौकशीत वाचली गेली. इकडे देशभरातून स्वेच्छेने धावून आलेल्या शेकडो अग्निशामकांना अटलांटा येथील एका हॉटेलात बसवून कार्यालयीन वर्तणुकीचे आणि संस्थेच्या इतिहासाचे पाठ दिले जात होते, आणि नंतर पत्रके वाटण्याच्या कामावर त्यांची रवानगी होत होती. संमेलनगृहातील गर्दीची गोष्ट आपल्याला आजच कळली, असे ब्राउन यांनी १ सप्टेंबरला दूरचित्रवाणीवर सांगितले, तेव्हा ती गर्दी देशातला प्रत्येक प्रेक्षक पाहत होता. उलट तटरक्षक दलाच्या जवानांनी कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता तेहतीस हजारांहून अधिक माणसे वाचविली, कारण त्या दलात खालपासून वरपर्यंत प्रत्येकाने तेच काम आयुष्यभर केलेले होते.

या खात्याच्या प्रमुखाला पात्रता कशासाठी लागते, याचा मी या आठवड्यात पुष्कळ विचार केला. तो स्वतः नाव वल्हवीत नाही, आणि पुराचे गणितही मांडीत नाही. ते जाणणारे लोक त्याच्या हाताखाली असतात, आणि म्हणून कोणीही चालेल असे वाटते. परंतु हाताखालच्या शंभर माणसांचे निरोप एकाच तासात येतात, त्यांतले नव्वद चुकीचे किंवा अपुरे असतात, आणि उरलेल्या दहांपैकी कोणत्या एकावर विसंबून, लेखी खातरजमा न करता, गाड्यांचे तांडे हलवायचे, हे ज्याने पूर्वी दोन-चार वेळा चुकत, पस्तावत आणि माणसे गमावत शिकून घेतलेले नाही, त्याला ते ऐनवेळी समजत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला बसणारा माणूस निदान स्वतःच तहानेला असतो. येथे खणणारा एक होता आणि तहानेने मरणारी माणसे निराळी होती. ब्राउन यांचा वैयक्तिक दुष्टपणा मला कोठेही दिसत नाही. ज्यांनी त्यांना त्या जागी बसविले, त्यांचा अपराध मला अधिक मोठा वाटतो.

२ सप्टेंबरला अध्यक्षांनी ब्राउन यांची जाहीर वाहवा केली. दहा दिवसांनी ब्राउन यांनी राजीनामा दिला, आणि मायामीच्या अग्निशामक दलात आयुष्य घालविलेल्या डेव्हिड पॉलिसन यांच्या हाती सूत्रे गेली. ऑक्टोबर २००६ मध्ये संसदेने कायदा केला, की फीमाच्या प्रमुखाच्या ठायी आपत्ती-व्यवस्थापनाचे प्रत्यक्ष सिद्ध झालेले ज्ञान व कौशल्य असले पाहिजे, आणि नेतृत्वाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असला पाहिजे. सही करतानाच अध्यक्षांनी आपल्या नेमणुकीच्या अधिकारावर अशी बंधने घालता येत नाहीत, असा आक्षेप नोंदविला. तरी त्या कायद्याचा वचक राहिला. २००९ पासून आठ वर्षे क्रेग फ्युगेट यांनी हे पद भूषविले. ते फ्लोरिडातील एका परगण्यात रुग्णवाहिकेवर काम करीत वर आले होते. त्यांच्यामागून ब्रॉक लाँग आले, ते अलाबामा राज्याचे आपत्तिप्रमुख होते. पुढे डीॲन क्रिसवेल आल्या, त्यांनी न्यूयॉर्क शहराचे हे खाते सांभाळले होते. चुका त्यांच्याही काळात झाल्या, २०१७ मध्ये पोर्टो रिकोत तर फार मोठ्या झाल्या, पण या पदावर काम जाणणारा माणूस असावा हे दोन्ही पक्षांनी मानले होते.

जानेवारी २०२५ मध्ये नवे प्रशासन आल्यापासून मात्र ते मानले गेले नाही. कायदा रद्द झाला नाही. ‘हंगामी’ प्रमुख नेमून त्याला वळसा घालण्यात आला, कारण हंगामी माणूस सिनेटपुढे जात नाही आणि त्याची पात्रता कोणी तपासत नाही. हंगामी प्रमुख कॅमेरन हॅमिल्टन हे नौदलाच्या विशेष पथकातले. ही संस्था नष्ट करणे लोकहिताचे नाही, असे त्यांनी मे महिन्यात संसदीय समितीपुढे प्रामाणिकपणे सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेले डेव्हिड रिचर्डसन हे माजी मरीन अधिकारी. आपत्ती-व्यवस्थापनाचे काम त्यांनी पूर्वी केलेले नव्हते. या देशात चक्रीवादळांचा हंगाम असतो हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे ते जूनच्या आरंभी कर्मचाऱ्यांना म्हणाल्याचे वृत्त रॉयटर्सने दिले. तो विनोद होता, असा खुलासा खात्याने केला. एक लाख डॉलरांवरील प्रत्येक खर्चाला अंतर्गत सुरक्षा मंत्र्यांची स्वतःची मंजुरी हवी, असा नियम झाला, आणि ४ जुलैला टेक्ससमध्ये ग्वाडलूप नदीच्या पुराने शंभरावर बळी घेतले, त्यांत एका शिबिरातल्या लहान मुली होत्या, तेव्हा शोधपथकांची रवानगी या मंजुरीसाठी तीन दिवस खोळंबल्याची बातमी आली. मंत्र्यांनी ती नाकारली. त्याच महिन्यात शोध-बचाव विभागाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात फीमाच्या एकशे ऐंशीहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी संसदेला पत्र लिहून, आपण पुन्हा कॅटरिनाच्या वाटेने चाललो आहोत, असा इशारा दिला. त्यांतल्या ज्यांनी स्वतःच्या नावाने सही केली, त्यांच्यापैकी अनेकांना दुसऱ्याच दिवशी कामावरून दूर ठेवण्यात आले. अटलांटिकवरील चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. २० जानेवारी २०२५ पासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंत सिनेटच्या संमतीने नेमलेला प्रमुख फीमाला नव्हता.