मांजर मुद्दाम करीत नाही!

मराठी म्हणींनी मांजराला कधी न्याय दिला नाही. उंदराची खोटी साक्ष काढायला तेच, आणि डोळे मिटून दूध पिणारा चोरही तेच! हाच ग्रह घरोघर चालतो. वाळूची पेटी सोडून मांजराने गादीवर लघवी केली, की सगळे एकमुखाने निकाल देतात : "मुद्दाम करतंय मेलं!"

आमच्या बोक्यावरही हा खटला भरला. सौभाग्यवती फिर्यादी आणि दोनदा धुतलेली सतरंजी पुरावा. मी आरोपीवर पाळत ठेवली. तो घटकेघटकेला पेटीत शिरे, कुंथत बसे, जेमतेम दोन थेंब टाकी आणि केविलवाणा ओरडे. हा सूड नव्हता. हे दुखणे होते. तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. मूत्राशय लिंबासारखे टणक लागत होते. भूल देऊन बारीक नळी घातली, तेव्हा तो वाचला.

बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट द्रव्याचा बोळा अडकला, की तो बंद होतो. रक्तात पोटॅशियम साचते आणि एकदोन दिवसांत हृदयच थांबू शकते. म्हणून कुंथणाऱ्या बोक्याला सकाळपर्यंत थांबवू नये.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. पाणी कमी पिण्याची आणि घट्ट मूत्राची देणगी तिकडचीच. म्हणून ओला आहार आणि ताजे पाणी हवे. पुष्कळदा मात्र खडा नसतो, जंतूही नसतात; घर बदलले, पाहुणे आले, नवे मांजर आले, की मनावरच्या ताणाने मूत्राशयाचा दाह होतो.

पेटीचेही शास्त्र आहे. १९४७ साली अमेरिकेत एड लो याने राखेऐवजी मातीचे दाणे विकायला काढले, तेव्हापासून मांजर खऱ्या अर्थाने घरात आले. जितकी मांजरे, त्याहून एक पेटी अधिक ठेवावी. ती मांजराच्या लांबीच्या दीडपट, वासरहित बारीक वाळूची, जेवणाच्या ताटलीपासून दूर असावी. आणि रोज उपसावी. डाग अमोनियाने पुसू नयेत. तो वास मांजराला लघवीचाच वाटतो. एन्झाइमयुक्त द्रावण वापरावे.

उभ्याने, शेपटी थरथरवीत भिंतीवर पिचकारी मारणे हा निराळा प्रकार : ती हद्दीची खूण. नसबंदीने बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते. नाक घासणे, चापट मारणे यांनी मात्र भीतीच वाढते, आणि भीतीने रोग.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फटाके वाजू लागले, की मांजराला आतल्या खोलीत पेटी, पाणी आणि लपायला एक खोके द्या. आणि सतरंजी ओली दिसलीच, तर काठी शोधण्याआधी डॉक्टरांचा पत्ता शोधा.