टक्कल, तेलाची बाटली आणि बचत गटाचे पैसे

गेल्या वर्षी एका पौर्णिमेला आर्णीच्या आमच्या विहारात वंदनेसाठी सारी मंडळी बसली होती. मागच्या रांगेत एक समाजबांधव डोक्यावर टोपी घालून बसले. वंदना सुरू होताना कोणीतरी सहज म्हणाले, "भाऊ, टोपी काढा." भाऊ काही बोलले नाहीत. उठले आणि चप्पल घालून निघून गेले. पुढच्या पौर्णिमेला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्या पौर्णिमेलाही नाही.

भाऊ जिनिंगमध्ये कामाला. वय चव्वेचाळीस. काय झाले ते त्यांच्या पत्नीने आमच्या घरी येऊन सांगितले. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ताईंनी बचत गटातून बारा हजार रुपये उचलले होते. त्यातले आठ हजार भाऊंनी "केस उगवणाऱ्या" तेल-गोळ्यांच्या कोर्सवर घातले. जाहिरात मोबाइलवर पाहिली, बोलणे फोनवर झाले, पार्सल घरी आले. डॉक्टरचा पत्ता कुठेच नव्हता. सहा महिने झाले तरी केस काही आले नाहीत. फीची तारीख मात्र आली.

ताई म्हणाल्या, "दादा, टकलाचं मले काहीच वाटत नाही. पण पोरीची फी गेली, याचं वाटते."

आम्ही काही डॉक्टर नाही. कचेरीत कागद सांभाळणारे कारकून आहोत. पण हे दुःख अनेक घरांत आहे आणि लाजेपोटी कोणी बोलत नाही. म्हणून या विषयावर वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

केस का जातात?

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळणे ही नित्याची गोष्ट आहे. पुरुषांचे टक्कल हा प्रकार वेगळा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून केस आधी बारीक होतात, मग विरळ होतात. मागचे व कानांवरचे केस बहुधा टिकून राहतात. शरीरातील पुरुषी संप्रेरकापासून डीएचटी नावाचा पदार्थ तयार होतो. ज्यांच्या केसांची मुळे जन्मतःच त्याला संवेदनशील असतात, त्यांची मुळे हळूहळू आक्रसतात. ही संवेदनशीलता आई व बाप या दोघांकडूनही येऊ शकते. म्हणून टोपी घातल्याने, साबण बदलल्याने किंवा तेल न लावल्याने टक्कल पडते, ही समजूत चुकीची आहे. हा रोग नाही आणि कोणाच्या कर्माचे फळ तर मुळीच नाही.

प्रत्येक गळती टक्कल नव्हे

टायफॉइड किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुधा परत येतात. अंगात रक्त कमी असणे किंवा थायरॉइडचा बिघाड हीही कारणे असू शकतात. रुपयाएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई असू शकते. खाज, खपल्या, पू असेल तर बुरशीची लागण असू शकते. यांतील प्रत्येकाचा उपचार निराळा आहे.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांतील बाया, माणसे, मुले यांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने निघू लागले. प्रथम पाण्यावर संशय गेला. शाम्पूवर गेला, बुरशीवरही गेला. आयसीएमआरचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून घेतल्या. रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचे आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी असल्याचे त्यांनी मांडले. पुढे काहींची नखेही गेली. त्या गावकऱ्यांना तेलाच्या बाटलीने काय गुण आला असता? आधी कारण शोधले पाहिजे.

खरे उपाय किती?

पुरुषी टकलावर नीट अभ्यासलेली औषधे मुख्यतः दोन आहेत.

पहिले मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावण्याची कल्पना निघाली. अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. पुरुषांसाठी पाच टक्क्यांचे द्रावण कोरड्या टाळूला सहसा दिवसातून दोनदा लावतात. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्तच गळतात, त्याने घाबरू नये. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. लावणे बंद केले की मिळालेले केस काही महिन्यांत जातात. हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

दुसरे फिनास्टेराइडची गोळी. हिला केसांसाठी १९९७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ही डीएचटी कमी करते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नये. काहींची कामेच्छा कमी होते, काहींना उदासी येते. गरोदर स्त्रीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. प्रोस्टेटसाठी रक्त तपासताना ही गोळी चालू असल्याचे सांगावे, नाहीतर आकडा फसवा येतो. आणि आपल्यासाठी एक खास गोष्ट. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपले तरुण रांगा लावून रक्तदान करतात. ही गोळी घेणाऱ्याने शेवटच्या गोळीनंतर निदान एक महिना रक्त देऊ नये, कारण ते रक्त गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते.

तिसरा मार्ग केशरोपणाचा. मागचे टिकाऊ केस मुळासकट काढून पुढे लावतात. नवे केस निर्माण होत नाहीत, आहेत त्यांचीच जागा बदलते. खर्च काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातो. ही शस्त्रक्रिया आहे, सलूनचे काम नव्हे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की, प्रशिक्षित डॉक्टरनेच ती करावी. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही.

चौथा मार्ग फुकटचा, केस बारीक कापून मोकळे होण्याचा!

फसवणूक कशी ओळखावी?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'अनुसूची जे'मध्ये काही व्याधींची यादी आहे. त्या बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये असा नियम आहे, आणि त्या यादीत टक्कलही आहे. म्हणजे "हमखास केस उगवतील" असे छापणाराच नियम मोडतो. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील, डॉक्टर दिसत नसेल, "आजच पैसे भरा, उद्या भाव वाढेल" अशी घाई असेल, तर हात आखडता घ्यावा. तथागतांनी कालामांना हेच शिकवले होते. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. ही शिकवण जाहिरातीलाही लागू आहे.

शंका असेल तर एसटीने यवतमाळ गाठावे. तेथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावे. आठ हजारांचे पार्सल मागवण्याआधी केसपेपर काढणे केव्हाही स्वस्त.

कात्रीचा इतिहास आठवा

केसांवरून अपमान हा आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिले आहे. गावात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपत होती. तरी कोणी केस कापायला तयार नसे. थोरली बहीण घराच्या ओसरीवर भावांचे केस कापी. ज्या समाजाने तो अपमान पचवून मान ताठ ठेवली, त्याने आज चार केस गेले म्हणून मान खाली घालावी काय? आपले भन्ते मुंडण करूनच चीवर धारण करतात आणि आपण त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. माणसाची थोरवी केसांत असती तर असे झाले नसते.

पण उपदेशाने लाज जात नाही, हेही खरे. "टकल्या" म्हणून हसणारे आपणच असतो. लग्नाच्या बैठकीत मुलाचे शिक्षण, नोकरी, व्यसन विचारण्याआधी कपाळाकडे पाहणारेही आपणच. ज्याला उपचार करायचा त्याने जरूर करावा, त्यात कमीपणा नाही. मात्र तो आपल्या ऐपतीत, डॉक्टरच्या सल्ल्याने आणि घरात सांगून करावा.

त्या मुलीच्या फीचे काय झाले? बचत गटाच्या बायांनी हप्ता दोन महिने पुढे ढकलला, विहारातल्या काही जणांनी हातभार लावला. मुलगी आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघे भाऊंच्या घरी गेलो. टकलाचा विषय काढला नाही. चहा घेतला आणि पौर्णिमेला या, एवढेच म्हणालो.

ते आले. टोपी खिशात होती.