‘प्रिमस्टाव्ह’ : शब्दाची व्युत्पत्ती आणि वस्तूचे स्वरूप

नॉर्वेतील ग्रामीण घरांत पूर्वी वापरात असलेल्या लाकडी दिनदर्शिका-पट्टीस ‘प्रिमस्टाव्ह’ ही संज्ञा आहे. प्रस्तुत टिपणात या संज्ञेच्या व्युत्पत्तीचा विचार केला आहे. ‘स्टाव्ह’ या उत्तरपदाचा अर्थ दांडा वा काठी असा होतो. ‘प्रिम’ या पूर्वपदाचे मूळ ‘प्रिमा लुना’ या लॅटिन शब्दसमूहात असून त्याचा अर्थ ‘प्रथम चंद्र’, म्हणजेच नवचंद्र, असा आहे. ईस्टरचा दिवस चंद्रावरून निश्चित होत असल्याने मध्ययुगीन चर्चच्या कालगणनेत १९ वर्षांच्या चांद्रचक्रास विशेष महत्त्व होते. त्या परंपरेतून हे पद आले.

तथापि, नॉर्वेतील बहुतेक पट्ट्यांवर चंद्रगणनेच्या खुणा आढळत नाहीत. पट्टीची एक बाजू १४ एप्रिलपासूनच्या उन्हाळ्याची व दुसरी १४ ऑक्टोबरपासूनच्या हिवाळ्याची असते. प्रत्येक दिवसासाठी खाच व सणांसाठी चिन्हे कोरलेली असतात. उदाहरणार्थ, २९ जुलै या संत ओलाफ यांच्या दिनासाठी कुऱ्हाड. ऋतूंनुसार चालणाऱ्या शेतीकामांस हे स्थिर दिनांक उपयुक्त होते.

तात्पर्य, वस्तूवरून लुप्त झालेली चंद्रगणना तिच्या नावात टिकून राहिली. म्हणूनच लोकवस्तूच्या अभ्यासात तिच्या रूपाबरोबर नावाचाही स्वतंत्र पुरावा म्हणून विचार व्हावयास हवा.