स्पीकरची पिन आणि आवाजाचा दर्जा

अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या दुहेरी तारेला दोन्ही टोके मिळून चार जोड असतात. प्रत्येक जोडात धातूला धातू टेकतो आणि विजेचा प्रवाह तिथून पुढे सरकतो. हा जोड उघड्या तारेचा असावा, बनाना पिनचा असावा की सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या कनेक्टरचा, यावर आवाजाच्या शौकिनांत कायम वाद असतो. वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न घरातल्या म्युझिक सिस्टिमपुरता उरत नाही. देवळावरचा भोंगा, बिछायत केंद्रातून भाड्याने आणलेली मशीन (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर), गणेशोत्सवातले आणि भीमजयंतीच्या मिरवणुकीतले बॉक्स या सगळ्यांचा आवाज अशाच जोडांमधून जातो. भौतिकशास्त्राचे उत्तर असे आहे की चांगल्या स्थितीतल्या जोडाचा प्रकार कानाला कळत नाही. बिघडलेला जोड मात्र लगेच कळतो.

जोडांचे प्रकार

सर्वांत साधा जोड उघड्या तारेचा. तारेचे टोक सोलून, पीळ देऊन ते टर्मिनलच्या छिद्रात घालतात आणि वरचा नट आवळतात. स्वस्त सिस्टिमला मागे स्प्रिंगचे क्लिप असतात. ते दाबून बारीक तार आत सरकवता येते, पण जाड तार मावत नाही. थिंबल किंवा लग म्हणजे तारेवर दाबून बसवलेली चपटी पट्टी. ती नटाखाली आवळली जाते. बनाना पिन 4 मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्या स्प्रिंगच्या पात्या छिद्राच्या भिंतीला चारी बाजूंनी दाबून धरतात. 1924 च्या सुमारास जर्मनीत रिचर्ड हिर्शमान यांनी ती बाजारात आणली. 6.35 मिलिमीटरचा जॅक टेलिफोन एक्सचेंजमधून ध्वनियंत्रणेत आला. मोठ्या कार्यक्रमांत आता स्पीकॉन दिसतो. लिख्टेनश्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीने 1987 मध्ये आणलेला हा कनेक्टर आत घालून फिरवला की कुलूप लागल्यासारखा अडकतो.

रोधाचा हिशेब

जोडाचा आवाजावर परिणाम व्हायचा तर तो मुख्यतः विद्युत रोधामुळे होईल. पाच मीटर लांबीच्या आणि 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत जाणारा-येणारा मिळून दहा मीटर वाहक असतो. त्याचा रोध 20 अंश सेल्सिअसला सुमारे 0.08 ओहम, म्हणजे 80 मिलिओहम भरतो. स्वच्छ आणि घट्ट जोडाचा रोध एका मिलिओहमच्या आसपास असतो. चार जोडांचे मिळून चार मिलिओहम धरले, तर 8 ओहमच्या स्पीकरवर त्यामुळे आवाजाची पातळी सुमारे 0.004 डेसिबलने घटते. रोजच्या ऐकण्यात माणसाला साधारण एक डेसिबलचा फरक जाणवतो; शांत खोलीत, सराव असलेल्या कानाला त्याहून काहीसा लहान. जोडांमुळे पडणारा फरक या मर्यादेच्या शेकडो पट खाली आहे.

तारेची जाडी आणि लांबी मात्र मोजण्यासारखी ठरते. 0.75 चौरस मिलिमीटरची बारीक तार वीस मीटर ओढली, तर तिचा रोध एक ओहमपेक्षा थोडा जास्त होतो. 8 ओहमच्या स्पीकरची पातळी त्यामुळे सुमारे एक डेसिबलने आणि 4 ओहमच्या स्पीकरची सुमारे दोन डेसिबलने उतरते. स्पीकरचा संरोध (इम्पीडन्स) सर्व स्वरांना सारखा नसतो. काही स्वरांना तो 4 ओहमपर्यंत खाली येतो, तर काहींना 30 ओहमच्याही वर जातो. त्यामुळे तारेचा रोध मोठा असला की काही स्वर जास्त आणि काही कमी दबतात. आवाजाचा पोत बदलतो तो इथे.

वर्ध्याच्या उन्हाळ्याचा हिशेब याच ओघात मांडता येतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला, की 20 अंशांच्या तुलनेत तारेचा रोध जवळपास दहा टक्क्यांनी वाढलेला असतो. वरच्या उदाहरणातली 80 मिलिओहमची तार 88 मिलिओहमची होते. म्हणजे चारही जोडांचा जेवढा रोध, त्याच्या दुप्पट भर एकट्या उन्हाने पडते आणि तीही कुणाच्या कानाला कळत नाही.

खरी उष्णता स्पीकरच्या आत असते. शंकूला हलवणारे बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, मोठ्या आवाजात बराच वेळ चालले की 150 अंशांच्या वर तापू शकते. 20 अंशांवरून ते 170 अंशांवर गेले, तर त्याचा रोध सुमारे 1.6 पट होतो. तेवढ्याच व्होल्टेजला आवाज मग जवळपास चार डेसिबलने खाली येतो. मिरवणूक अर्ध्यावर आली की बॉक्स ‘दबल्यासारखे’ वाटतात, त्यामागचे एक कारण हेच.

सोने, पितळ आणि काजळी

सोन्याच्या मुलाम्याभोवती बरेच गैरसमज आहेत. सोन्याची विद्युतवाहकता तांब्यापेक्षा कमी असते. तांब्याहून सरस वाहक चांदी. सोने वापरतात ते हवेत काळे पडत नाही म्हणून. मुलामा अगदी पातळ असल्याने त्याचा स्वतःचा रोध हिशेबात धरण्याजोगा नसतो आणि त्याखाली बहुधा पितळच असते.

कोणतेही दोन धातूचे पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. ते एकमेकांना सलग चिकटत नाहीत, मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. प्रवाह या बारीक ठिपक्यांमधून जातो. विसाव्या शतकात राग्नार होल्म यांनी विद्युत स्पर्शाचे हे शास्त्र सविस्तर मांडले. दाब वाढला की ठिपके वाढतात आणि रोध उतरतो. म्हणून जोडात धातूच्या जातीपेक्षा दाब आणि स्वच्छता जास्त मोलाची असते. नीट आवळलेली साधी तार सैल बसलेल्या सोनेरी पिनपेक्षा सरस ठरते.

पावसाळ्यातली ओल, कापसाच्या जिनिंगच्या परिसरातली धूळ आणि हाताचा घाम यांमुळे उघड्या तांब्यावर काळपट थर चढतो. तांब्याचा ऑक्साइड नीट वीजवाहक नसतो. तो अर्धवाहक आहे आणि 1920 च्या दशकात त्यापासून विजेचे रेक्टिफायरही बनवत. असा थर आणि सैल स्पर्श एकत्र आले की जोडाचा रोध स्थिर राहत नाही.

जोड बिघडतो तेव्हा

बिघडलेला जोड तीन-चार प्रकारे कानावर येतो. बासच्या धक्क्याने बॉक्स हादरतो, सैल पिन सूक्ष्म हलते आणि खरखर ऐकू येते. कधी आवाज मध्येच तुटतो, तर कधी एका बाजूचा स्पीकर हळू वाजतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि 8 ओहमच्या स्पीकरला 100 वॅटच्या बेताने संकेत जात असला, तर त्या एकट्या जोडात पाच वॅटहून अधिक उष्णता तयार होते. पिन गरम लागते, प्लॅस्टिक मऊ पडते आणि जोड आणखी सैल होतो. पातळीतला फरक तेव्हाही अर्ध्या डेसिबलचाच असतो; लक्षात येते ती खरखर.

तारेच्या टोकाला कथिलाचा डाक देऊन मग ते स्क्रूखाली आवळण्याची सवय अनेकांना असते. कथील दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही आठवड्यांत स्क्रू सैल पडतो. स्क्रूखाली उघडी पिळलेली तार किंवा दाबून बसवलेले थिंबल टिकते.

तारा उलट लागल्या तर होणारा परिणाम सर्वांत ठळक असतो. दोनपैकी एका बॉक्सची अधिक-उणे टोके बदलली गेली की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि बासचा भराव नाहीसा होतो. उघडी तार किंवा सुटी बनाना पिन उलट लावता येते. स्पीकॉन एकाच पद्धतीने बसतो. कनेक्टरच्या प्रकाराचा आवाजाशी येणारा संबंध आहे तो असा: एखादा प्रकार चूक होऊ देतो, दुसरा देत नाही.

मोठ्या मैदानावर

गावात चौकाचौकांत भोंगे लावायचे असतात तेव्हा तार शेकडो मीटर जाते. एक चौरस मिलिमीटरची तार 200 मीटर ओढली, तर येण्या-जाण्याचा रोध 7.8 ओहम होतो. थेट 8 ओहमचा भोंगा जोडला, तर आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. निम्मी शक्ती तारेतच जिरते. हे टाळण्यासाठी 100 व्होल्ट लाइनची पद्धत आहे. मशीन व्होल्टेज वाढवून पाठवते आणि प्रत्येक भोंग्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर ते पुन्हा उतरवतो. त्याच तारेवर 100 वॅटचा भार मग 100 ओहमचा असतो आणि घट 0.65 डेसिबलपुरती राहते.

अशा लाइनवर उघडी तार धोक्याची. एक हजार वॅटची मशीन 8 ओहमच्या बॉक्सला देते ते व्होल्टेजही सुमारे 89 भरते. जॅक घालताना किंवा काढताना त्याचे टोक दोन्ही स्पर्शांना क्षणभर जोडू शकते आणि मशीन जळू शकते. स्पीकॉनचे स्पर्श आत झाकलेले असतात, तो ओढला तरी सुटत नाही आणि 30 अ‍ॅम्पिअरचा प्रवाह सहज पेलतो. व्यावसायिकांनी तो स्वीकारला तो सुरक्षिततेमुळे. स्पीकरच्या तारेला घरगुती विजेचा दोन पिनांचा प्लग लावणे मात्र सर्वांत वाईट: घाईत तो 230 व्होल्टच्या सॉकेटात गेला तर स्पीकर जळतो आणि माणसाच्या जिवावर बेतू शकते.

कान आणि चाचणी

तरीही पिन बदलल्यावर आवाज सुधारला असे सांगणारे खोटे बोलत नसतात. जुनी पिन काढताना गंज घासला जातो आणि नवा जोड घट्ट बसतो. सुधारणा खरी असेल तर श्रेय त्या सफाईचे. पिन बदलेपर्यंत तापलेली व्हॉइस कॉइल थंड होते, म्हणून पुन्हा लावल्यावर आवाज थोडा खुला वाटू शकतो. शिवाय ध्वनीच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदच टिकते आणि काय बदलले हे डोळ्यांना ठाऊक असते. 1994 मध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवून दिले की स्पीकर दिसत असताना श्रोते देतात ते गुण आणि पडद्याआड ठेवल्यावर देतात ते गुण वेगळे असतात.

म्हणून चाचणी डोळ्यांआड करावी लागते. श्रोत्याला ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही ऐकवतात आणि मग ‘क्ष’ हा त्यांपैकी कोणता हे विचारतात. 16 फेऱ्यांत किमान 12 उत्तरे बरोबर आली, तर निव्वळ अंदाजाने तसे होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तुलना करताना दोन्ही जोड स्वच्छ आणि नव्याने आवळलेले हवेत आणि पातळी सारखी हवी.

कुठे काय वापरावे

घरी पाच-सात मीटरपर्यंत 1.5 किंवा 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. टोक सोलून घट्ट आवळले तरी चालते. वारंवार जोड काढावा लागत असेल तर साधी बनाना पिन सोयीची. पावसाळा संपल्यावर एकदा टोके कापून नव्याने सोलावीत. भाड्याच्या यंत्रणेत, जिथे बॉक्स रोज उतरवले-चढवले जातात, तिथे स्पीकॉन योग्य. संशय असलेला जोड तपासायला मल्टिमीटरचा ओहमचा भाग उपयोगी नाही, कारण त्याच्या वायरींचाच रोध मिलिओहमच्या कितीतरी पट असतो. त्याऐवजी 50 हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवून जोडाच्या दोन्ही बाजूंमधले एसी व्होल्टेज मोजावे. तीन अ‍ॅम्पिअर प्रवाहाला 30 मिलिव्होल्ट आले, तर जोडाचा रोध दहा मिलिओहम असतो आणि तो जोड उघडून साफ करावा. खर्चाचा क्रम लावायचा तर आधी स्पीकर आणि खोलीतली त्याची जागा, मग तारेची जाडी आणि सर्वांत शेवटी पिन.