शोधणाऱ्याचे शब्द

समजा, अनसिंगच्या एखाद्या अभ्यासू शेतकऱ्याने सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकविषयी उत्तम लेख लिहून इंटरनेटवर ठेवला आणि त्यास मथळा दिला, ‘हिरव्या स्वप्नांची होरपळ’. रसिक माना डोलावतील. पण ऐन पावसाळ्यात बांधावर उभा असलेला त्याचा शेजारी गूगलला विचारणार, ‘सोयाबीनची पाने पिवळी का पडतात?’ शोधयंत्र शब्दांची सूची बाळगते. विचारलेले शब्द मथळ्यात नि आरंभी असले, तर लेख वर येण्याचा संभव वाढतो.

आपल्याकडे आणखी पंचाईत! कोणी ‘वाशीम’ लिहितो, कोणी ‘वाशिम’. आणि १९९८ पूर्वीच्या मजकुरात जिल्हा अकोला. युनिकोडपूर्व टंकांतील लेख तर आपणांस मराठी दिसतो, यंत्रास मात्र रोमन अक्षरांची खिचडी. तो युनिकोडमध्ये आणल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी गोष्ट दुव्यांची. ब्रिन व पेज यांनी १९९८ साली गूगल काढले, ते दुव्याला शिफारस मानून; ज्याची स्वतःची शिफारस अनेकांनी केली, त्याच्या शब्दाला वजन अधिक. तेच शब्द शंभरदा घोकून यंत्रास फसविणारेही आहेत. यंत्रे आता त्यांना ओळखून मागे सारतात.

आमच्या शेतकऱ्याने मथळा बदलावा. होरपळ हवीच असेल, तर ती दुसऱ्या ओळीत ठेवावी.