धर्मादाय दुकान व सदोष वस्तु

धर्मकार्यासाठीं चालविलेल्या दुकानांतून जुनी वस्तु विकत घेतली आणि ती घरीं आणल्यावर बिघडलेली निघाली, तर पैसे परत मागावे कीं मागूं नयेत? विलायतेंत शिक्षणासाठीं जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न केव्हां तरी पडण्याजोगा आहे; कारण थंडीचा कोट, भांडीं, टेबलावरील दिवा इत्यादि वस्तु अशा दुकानांत अल्प मोलांत मिळतात.

ह्या दुकानांची रीत अशी. लोक आपल्या घरच्या जुन्या वस्तु फुकट देतात, बहुधा स्वयंसेवक त्या विकतात, आणि नफा परोपकाराकडे जातो. आपल्याकडे मुक्तिफौज या नांवानें परिचित असलेल्या संस्थेचीं अशीं दुकानें तिकडे आहेत. दुष्काळग्रस्तांच्या साह्यार्थ १९४२ सालीं ऑक्सफर्ड येथें निघालेल्या ऑक्सफॅम संस्थेनें त्याच दशकांत तेथील ब्रॉड स्ट्रीटवर आपलें दुकान मांडलें.

दुकान धर्मादाय असलें तरी तें दुकानच होय. ब्रिटनच्या २०१५ सालच्या ग्राहक-हक्क कायद्याप्रमाणें विकलेली वस्तु समाधानकारक दर्जाची, आपल्या कामास उपयोगी व वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. जुन्या वस्तूसही हा नियम लागू आहे; मात्र दर्जा ठरवितांना तिचें वय व किंमत लक्षांत घेतात. जुन्या मेजावर ओरखडे असणें हा दोष नव्हे. चालू म्हणून विकलेला दिवा मुळींच न लागणें हा दोष होय. विक्रीपूर्वीं सांगितलेल्या दोषाबद्दल, किंवा आपण वस्तु तपासली असतां सहज दिसावयास हव्या होत्या अशा दोषाबद्दल, मागाहून तक्रार करतां येत नाहीं. केवळ मन पालटलें म्हणून दुकानांतून घेतलेली वस्तु परत करण्याचा हक्कही नाहीं.

दोष मूळचाच असेल तर तीस दिवसांच्या आंत वस्तु परत देऊन सर्व पैसे मागतां येतात. त्यानंतर दुरुस्तीची किंवा वस्तु बदलून देण्याची एक संधि दुकानास द्यावी लागते. परंतु जुन्या वस्तूस दुसरी जोड सहसा मिळत नाहीं, म्हणून गोष्ट बहुधा पैशांवरच येते. सहा महिन्यांच्या आंत दिसलेला दोष मूळचाच होता असें ह्या वेळीं धरतात. तसें नव्हतें हें दुकानानें सिद्ध करावयाचें असतें. “पैसे परत मिळणार नाहींत” अशी पाटी लावल्यानें हा हक्क बुडत नाहीं. पावती जपून ठेवावी. ती हरवल्यास खरेदीचा दुसरा पुरावाही चालतो.

कित्येक सज्जनांस वाटतें कीं, गरिबांसाठीं जमविलेला पैसा परत मागणें हें पाप आहे. आमच्या मतें हा भ्रम होय. दान आणि विक्री हे दोन निराळे व्यवहार आहेत. दयेच्या नांवाखालीं खोटें माप खपवावें असें शास्त्र कोठेंही सांगत नाहीं. वस्तूचा वापर थांबवून ती सत्वर परत न्यावी आणि व्यवस्थापकाशीं सौम्य शब्दांत बोलावें. समोरचा स्वयंसेवक विनावेतन सेवा करीत आहे हें विसरूं नये. परत मिळालेली रक्कम तेथील दानपेटींत टाकावीशी वाटली तर अवश्य टाकावी. तें मात्र खरें दान होईल, कारण तें स्वखुशीचें असेल.

देणाऱ्यांनींही एवढें जाणावें: जी वस्तु आपण शेजाऱ्यास विकण्यास लाजूं, ती धर्मकार्यास देऊं नये.